फाजील माणसांचे बेट

मॉरिशसचे नाव निघाले की आमच्या सभासंमेलनांतून दोन तऱ्हेची भाषणे हमखास ऐकावयास मिळतात. पहिले भाषण अभिमानाचे असते. आमची माणसे सातासमुद्रापलीकडे गेली, ओसाड बेटावर त्यांनी नंदनवन फुलविले, तेथे आजही गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, असे सांगून वक्ता टाळ्या घेतो. दुसरे भाषण उपदेशाचे असते. मॉरिशसने आपली लोकसंख्या वेळीच आवरली म्हणून तो देश श्रीमंत झाला. आम्ही आवरली नाही म्हणून आम्ही मागे राहिलो, असा त्याचा मथितार्थ असतो. पहिले भाषण उत्सवप्रिय मंडळींना आवडते, दुसरे सुशिक्षितांना. आमच्या मते ही दोन्ही भाषणे एकाच चुकीतून निघालेली आहेत. एखाद्या वसाहतीत माणसे किती आहेत, हा आकडा पाऊसपाण्यासारखा निसर्गाने ठरविलेला असतो, असे दोघेही गृहीत धरतात. मॉरिशसच्या बाबतीत तरी हे गृहीत साफ खोटे आहे. त्या बेटावरील माणसांचा आकडा सुमारे तीनशे वर्षे कोणीतरी ठरवीत आला. तो ठरविणाऱ्याचे नाव घेतल्यावाचून ‘कमी माणसे’ आणि ‘जास्त माणसे’ या शब्दांना काही अर्थच उरत नाही.

हे सिद्ध करावयास मॉरिशसइतके सोयीचे दुसरे उदाहरण नाही, कारण तेथे मूळचे रहिवासी असे कोणी नव्हतेच. १५९८ मध्ये डच खलाशी उतरले तेव्हा बेटावर एकही मनुष्यवस्ती नव्हती. डचांनी तेथे दोनदा वसाहत करून पाहिली, डोडो पक्षी नामशेष केला आणि १७१० मध्ये बेट सोडले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ते ताब्यात घेतले. १७३५ मध्ये ला बूर्दोने हा गव्हर्नर म्हणून आला आणि पोर्ट लुई हे बंदर उभे राहिले. ते बांधले कोणी? मादागास्कर आणि पूर्व आफ्रिका येथून धरून आणलेल्या गुलामांनी. त्यांच्याबरोबर काही कारागीर हिंदुस्थानातूनही नेलेले होते. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले त्या सुमारास तेथील दर पाच माणसांमागे सुमारे चार गुलाम होते. म्हणजे या भूमीवरचा बहुतेक प्रत्येक रहिवासी कोणाच्या तरी खतावणीत किमतीसह नोंदलेला होता. अशा ठिकाणी लोकसंख्येचा विचार जमाखर्चापासून वेगळा कसा काढावयाचा?

इंग्रजी अमलात जमाखर्चाची कलमे तेवढी बदलली. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील ब्रिटनमधील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी कमी करण्यात आली आणि बेटावर उसाशिवाय दुसरे काही लावणे मळेवाल्यांना मूर्खपणाचे वाटू लागले. १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना भरपाई म्हणून सुमारे एकवीस लक्ष पौंड मिळाले. ज्यांचे आयुष्य गेले त्यांना एक छदामही मिळाला नाही. उलट आणखी काही वर्षे ‘उमेदवारी’ या गोंडस नावाखाली त्याच धन्याकडे राबण्याची सक्ती झाली. ती सक्ती १८३९ मध्ये उठली तेव्हा हजारो माणसे मळ्यांकडे पाठ फिरवून निघून गेली. मळेवाल्यांनी तात्काळ ओरड सुरू केली : बेटावर माणसे नाहीत!

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. बेटावर माणसे होती. कालपर्यंत ऊस तोडणारी तीच माणसे तेथेच, डोंगराच्या पायथ्याशी आणि किनाऱ्यावर, शेती व मासेमारी करून राहत होती. मळेवाला देऊ करीत असलेल्या मजुरीवर आणि त्याच्या चाबकाखाली काम करण्यास ती तयार नव्हती, इतकेच. ज्या गोष्टीचे खरे नाव ‘मजुरी कमी पडते’ असे होते, तिला ‘माणसे कमी पडतात’ असे नाव देण्यात आले. मॉरिशसच्या लोकसंख्याशास्त्राचा आरंभ या नामांतरापासून होतो.

पुढचा इतिहास आमच्या वाचकांस ठाऊक असावयास हवा. पण अभिमानाच्या भाषणांत तो सहसा येत नाही. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ नावाच्या जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईला उतरले. पाच वर्षांचा करार, दरमहा पाच रुपये आणि शिधा. भरतीतील फसवणुकीचा बोभाटा झाल्यावर १८३८ मध्ये हिंदुस्थान सरकारने ही निर्यात थांबविली. १८४२ मध्ये मळेवाल्यांच्या दडपणाने ती पुन्हा सुरू झाली आणि लगेच १८४३ या एकाच वर्षात तीस हजारांहून अधिक माणसे त्या लहानशा बेटावर ओतण्यात आली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही संख्या साडेचार लाखांच्या घरात गेली. १८६१ च्या शिरगणतीत बेटाची लोकसंख्या सुमारे ३ लाख १० हजार भरली, तीपैकी १ लाख ९२ हजारांहून अधिक हिंदी. एका पिढीच्या आत एका देशाची बहुसंख्य वस्ती बदलली. जगाच्या इतिहासात इतक्या झपाट्याने झालेली वस्तीबदलाची उदाहरणे फार नाहीत, आणि हे स्थित्यंतर ना दुष्काळाने घडविले ना कोणत्या स्वारीने. ते घडविले साखरेच्या भावाने.

आता आमच्या युक्तिवादाला जो कोणी ‘हे तर मागणीपुरवठ्याचे साधे तत्त्व झाले’ असे उत्तर देईल, त्याला आमचा एकच प्रश्न आहे. माणसांची खरोखरच टंचाई होती तर मजुरी का चढली नाही? टंचाईच्या बाजारात विकणाऱ्याचे दिवस असतात. येथे श्रम विकणाऱ्याच्या हाती बेड्या का पडल्या? गैरहजेरीच्या एका दिवसाबद्दल दोन दिवसांची मजुरी कापण्याचा नियम ‘दुहेरी काप’ म्हणून कुप्रसिद्ध झाला. परतीचे मोफत भाडे काढून घेण्यात आले. १८६७ च्या मजूर कायद्याने तर करार संपवून मोकळ्या झालेल्या जुन्या मजुरालाही छायाचित्र चिकटविलेला परवाना जवळ बाळगल्याशिवाय घराबाहेर पडण्याची सोय ठेवली नाही. परवान्याविना सापडला की तो भटक्या ठरे आणि तुरुंगात जाई. त्या सुटकेचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पुन्हा करारावर अंगठा उठविणे. टंचाई भरून काढण्यासाठी माणसे आणली हे अर्धसत्य आहे. माणसे इतकी आणावयाची की कोणालाच आपल्या श्रमाचा भाव सांगता येऊ नये, आणि तरीही कोणी सांगितलाच तर त्याच्यावर पोलीस सोडावयाचा, हा त्या धोरणाचा पूर्ण आशय होता. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या युरोपियन गृहस्थाने नऊ हजारांहून अधिक जुन्या मजुरांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे नेला, तेव्हा गोऱ्या समाजाने त्याला वाळीत टाकले आणि भर रस्त्यात मारहाणही केली. त्या अर्जामुळे राजाज्ञेने चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७५ च्या अहवालात अर्जातील बहुतेक तक्रारी खऱ्या ठरल्या. परवाने आणि तुरुंग ही काही आम्ही रचलेली कथा नव्हे. साम्राज्याच्याच दप्तरात ती नोंदलेली आहे.

यानंतरचा काळ आम्हांस सर्वांत बोलका वाटतो. १८६६ च्या सुमारास बेटावर हिवतापाची साथ आली. १८६७ मध्ये तिने हजारोंनी बळी घेतले आणि मग हिवताप तेथे कायमचाच वस्तीला राहिला. १८६१ मध्ये ३ लाख १० हजार असलेली लोकसंख्या १९४४ च्या शिरगणतीत ४ लाख १९ हजार भरली. त्र्याऐंशी वर्षांत वाढ अवघी एक लाखाची, आणि तीही जहाजांतून माणसे येत असताना! काही लोक मायदेशी परत गेले हे खरे. परंतु तेवढ्याने हा हिशेब जुळत नाही. हिवताप, अंकुशकृमी, कुपोषण आणि मळ्यावरच्या खोपटांतली बाळंतपणे यांनी तो जुळविला होता. या सबंध काळात मॉरिशसची लोकसंख्या अतोनात वाढते आहे अशी ओरड कोणी अर्थशास्त्रज्ञाने केली नाही. आकडा स्थिर होता. मळ्यांना हवे तेवढे हात मिळत होते आणि उरलेल्यांची व्यवस्था मृत्यू लावीत होता. या स्थितीला समतोल म्हणावयाचे असेल तर त्या समतोलाची किंमत कोणी मोजली, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे.

येथे आमच्या माणसांचा प्रश्न येतो. मजुरांची मोठी भरती कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून झाली. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानाने थोडे. त्या थोड्यांत कोकणपट्टीतले आणि घाटावरचे मराठी बोलणारे लोक होते. त्यांच्या वंशजांनी देवळे बांधली, मंडळे काढली, शाळांतून मराठी शिकविण्याची सोय मिळविली, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या भाषेला जागा करून घेतली. यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु ‘साहसी कोकणी माणूस नशीब काढावयास निघाला’ अशी जी कथा आमच्याकडे रंगविली जाते, ती त्या माणसाचा सन्मान करीत नाही. उलट त्याच्यावर काय लादले गेले ते झाकून टाकते. साहसी माणूस जहाजाचे भाडे देतो आणि मनाला येईल तेव्हा परततो. पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठविणारा, क्रमांकाने ओळखला जाणारा, छायाचित्राच्या परवान्याविना शेजारच्या जिल्ह्यात जाऊ न शकणारा मनुष्य हा मुंबईच्या धक्क्यावरून निर्यात झालेला माल होता. त्याचे मोठेपण असे की तो माल म्हणून राहिला नाही. ते मोठेपण सांगावयाचे तर आधी निर्यातीची गोष्ट सांगावी लागेल.

कारण बेटाचा खरा विकास त्यानेच, खालून वर असा सुरू केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचे भाव उतरले तेव्हा भांडवलाच्या अडचणीत सापडलेल्या मळेवाल्यांनी कडेच्या, हलक्या जमिनींचे तुकडे पाडून विकावयास काढले. पै पै जमविलेल्या हिंदी कुटुंबांनी ते घेतले. या तुकड्यांवरच छोट्या ऊसकऱ्यांचा वर्ग उभा राहिला आणि त्या वर्गातून शिक्षक, कारकून, वकील, डॉक्टर निघाले. १९०१ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परत येताना तेथे थांबले होते. १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे बडोद्याचे बॅरिस्टर तेथे गेले आणि मजुरांच्या वतीने न्यायालयात उभे राहिले. १९१० पर्यंत ही करारपद्धत मॉरिशसपुरती संपली. पुढे मळेवाल्यांनी पुन्हा ‘माणसे कमी’ ही जुनी तक्रार काढली, तेव्हा हिंदुस्थान सरकारने कुंवर महाराज सिंग यांना चौकशीसाठी पाठविले. हेच गृहस्थ स्वातंत्र्यानंतर मुंबईचे राज्यपाल झाले. नव्याने अकुशल मजूर पाठवू नयेत, असा सल्ला त्यांनी १९२५ च्या अहवालात दिला. माणसांचा नळ हवा तेव्हा सोडण्याचा मळेवाल्यांचा अधिकार त्या दिवशी संपला.

अधिकार संपला, पण प्रवृत्ती संपली नाही. १९३६ मध्ये डॉक्टर मोरिस क्युरे यांनी मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ मध्ये फ्लाक भागातील मळ्यावर मजुरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हारेल येथील गोळीबारात अंजले कूपन ही गर्भवती स्त्री ठार झाली. मजुरी वाढवून मागणे एवढाच या लोकांचा गुन्हा. बेटावर माणसे कमी होती तेव्हा त्यांना तुरुंग मिळाला आणि पुरेशी झाली तेव्हा गोळ्या. संख्येच्या चढउताराने मजुराच्या वाट्यात फरक पडत नव्हता. फरक पडला तो त्याने संघटना बांधली आणि मत मिळविले तेव्हा.

आता दुसऱ्या भाषणाकडे, म्हणजे उपदेशाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीच्या फवारणीने हिवतापाचा निःपात झाला आणि मृत्यूचे प्रमाण थोड्याच वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. १९४४ ची ४ लाख १९ हजार लोकसंख्या १९६२ मध्ये ६ लाख ८१ हजारांवर गेली. अठरा वर्षांत शेकडा साठांहून अधिक वाढ. ही वाढ खरी होती, आणि सहजासहजी पेलण्यासारखी नव्हती, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. १९६० च्या आसपास जेम्स मीड आणि रिचर्ड टिटमस या दोन नामवंत पंडितांची पथके बेटावर आली. १९६१ मध्ये दोघांचेही अहवाल प्रसिद्ध झाले. मीड यांनी मॉरिशस हे माल्थसच्या सिद्धांताचे जिवंत उदाहरण ठरविले आणि बेटाच्या शांततामय विकासाविषयी फारशी आशा दाखविली नाही. उपाय म्हणून कुटुंबनियोजन, देशांतर, नवे उद्योग आणि वेतनांना आवर सुचविण्यात आले.

ही दोघेही मळेवाल्यांची भाट नव्हती. त्यांच्या सूचनांतील पुष्कळ भाग शहाणपणाचा होता आणि कुटुंबनियोजनाची चळवळ तेथे पुढे यशस्वी झाली, ती लोकांच्या हिताचीच ठरली. आमचा आक्षेप त्यांच्या हेतूवर नाही. तो चौकटीवर आहे. शंभर वर्षे एकाच पिकाकरिता माणसांची आयात करणारी, निर्यातीचा शेकडा नव्वदांहून अधिक भाग साखरेवर ठेवणारी, उत्तम जमीन मूठभर कुटुंबांच्या आणि कंपन्यांच्या ताब्यात देणारी व्यवस्था समोर उभी असताना रोगनिदानाचा पहिला शब्द ‘माणसे फार’ असा पडावा, यात काहीतरी विपरीत आहे. माणसे कशाच्या मानाने फार? जमिनीच्या मानाने, की जमिनीच्या मालकीच्या मानाने? अन्नाच्या मानाने, की अन्न न पिकविता साखर पिकविण्याच्या हट्टाच्या मानाने? हे प्रश्न गौण ठरले आणि मजुराचे मूल तेवढे मुख्य ठरले. १८४० मध्ये जे मूल भावी तोडणीवाला म्हणून हवेसे होते, ते १९६० मध्ये फाजील झाले. मधल्या काळात मूल बदलले नव्हते. हिशेब बदलला होता.

पुढे प्रत्यक्ष काय घडले ते पाहावे. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. १९७० मध्ये निर्यातीसाठी कारखाने काढण्याचा कायदा झाला. त्यात हाँगकाँगचे भांडवल आले आणि साखरेतला नफाही गुंतला. १९७५ च्या करारान्वये युरोपने मॉरिशसची साखर ठरावीक वाढीव भावाने घेण्याची हमी दिली. ती हमी २००९ पर्यंत टिकली. सत्तरीच्या दशकात माध्यमिक शिक्षण मोफत झाले. १९९० च्या सुमारास निर्यात कारखान्यांत नव्वद हजारांच्या आसपास माणसे कामाला होती आणि त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. ज्या तरुण ‘फाजील’ पिढीने बेट बुडेल अशी भीती घातली गेली, नेमक्या त्याच पिढीच्या हातांनी ते तरले. आज त्या बेटावर १९६२ च्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे बारा लाखांच्या आसपास माणसे राहतात. दर चौरस किलोमीटरला सहाशेहून अधिक! आणि दरडोई उत्पन्नात ते आफ्रिका खंडातील अग्रभागी असलेल्या देशांत गणले जाते. २०२० मध्ये तर जागतिक बँकेने काही काळ त्याला उच्च उत्पन्नाच्या देशांत बसविले होते. महामारीच्या तडाख्याने ते स्थान गेले, हे वेगळे.

येथे उपदेशक म्हणतील, ‘पण जन्मप्रमाण घटले म्हणूनच ना?’ घटले, निःसंशय घटले, आणि त्याचा उपयोगही झाला. पण ते का घटले? मुली शाळेत गेल्या, जन्मलेली मुले जगू लागली, स्त्रीच्या हाती स्वतःची मजुरी आली, दवाखाना गावात आला. कायद्याची जबरदस्ती तेथे नव्हती. उलट कॅथलिक चर्चने आपल्या पद्धतीने आणि सरकारी केंद्रांनी आपल्या पद्धतीने काम केले आणि निवड जोडप्यांवर सोपविली. माणसाला माणूस म्हणून वागविल्यावर त्याने आपली संख्या आपणच ठरविली. उपदेशकांच्या भाषणात हा क्रम उलटा होतो : आधी गरिबाने मुले कमी करावीत, मग आम्ही त्याला शाळा आणि दवाखाना देण्याचा विचार करू. १९७५-७७ च्या आणीबाणीत नसबंदीची जी मोहीम आमच्या देशाने भोगली, ती याच उलट्या क्रमाची परिणती होती. मॉरिशसचे उदाहरण देणाऱ्यांनी निदान ते पूर्ण तरी द्यावे.

या कथेचा एक भाग अभिमानाच्या आणि उपदेशाच्या, दोन्ही भाषणांतून गळतो. नोव्हेंबर १९६५ मध्ये, स्वातंत्र्य देण्यापूर्वी, ब्रिटनने चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला आणि त्याबद्दल तीस लक्ष पौंड मोजले. दिएगो गार्सिया बेट अमेरिकेच्या लष्करी तळासाठी हवे होते. १९६८ ते १९७३ या काळात तेथील दीड ते दोन हजार रहिवाशांना हलवून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर आणून सोडण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या तेथेच जन्मलेल्या या लोकांना सरकारी कागदांत तात्पुरते कंत्राटी मजूर ठरविण्यात आले, म्हणजे बेटावर कायमची वस्ती नाही असे जगाला सांगता यावे. पूर्वी हिशेबासाठी माणसे निर्माण करीत. आता हिशेबासाठी ती शून्य केली. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या अभिप्रायात ही तोडणी बेकायदेशीर ठरविली. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात सार्वभौमत्व परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या. त्यातही दिएगो गार्सियाचा तळ नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर राखण्यात आला आहे. ज्यांना हलविले त्यांतले पुष्कळ लोक तोवर परक्या धक्क्यावरच मेले.

आणि आता चक्र पुरते फिरले आहे. मॉरिशसमधील जन्मप्रमाण दर स्त्रीमागे दोनाच्या बरेच खाली गेले. २०११ आणि २०२२ च्या शिरगणत्यांत लोकसंख्या जवळजवळ जागच्या जागी राहिली. लगेच ती जुनी हाक पुन्हा ऐकू येऊ लागली : माणसे कमी पडतात! बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर आणि भारत येथून हजारो कामगार ठरावीक मुदतीच्या करारावर येतात, मालकाने दिलेल्या वसतिगृहात राहतात, आणि त्यांचा परवाना त्या मालकाच्या नोकरीशी बांधलेला असतो. छायाचित्राच्या परवान्याची ज्यांच्या पणज्यांना अद्दल घडली, त्यांचीच पणतवंडे आज मालकाच्या किंवा अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून हे परवाने तपासतात. १८६७ चा कायदा आणि आजची व्यवस्था एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. न्यायालये आहेत, संघटना आहेत, वृत्तपत्रे आहेत. परंतु ‘हात हवेत, माणूस नको’ ही इच्छा तीच आहे, आणि ती ओळखण्याचा अनुभव जगात ज्यांच्यापाशी असावयास हवा ते लोक हेच आहेत.

म्हणूनच ‘छोटा भारत’ हा शब्द आमच्या कानाला खटकतो. त्या शब्दात गुलामांचे वंशज मावत नाहीत. ल मोर्न पर्वताच्या कड्यांवर पळालेले गुलाम आश्रय घेत. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर करारबद्ध मजूर उतरत. पहिले स्थळ २००८ मध्ये आणि दुसरे २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्य झाले. १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर या दोन्ही दिवशी तेथे सार्वजनिक सुट्टी असते. पण फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला तेव्हा उसळलेल्या दंगलीने दाखवून दिले की एका सुट्टीच्या लोकांना विकासाचा वाटा मिळाला आणि दुसऱ्या सुट्टीच्या लोकांना तो पुरेसा मिळाला नाही. २०११ मध्ये तेथील सत्य आणि न्याय आयोगाने गुलामगिरीचे व करारमजुरीचे परिणाम एकत्र तपासून आपला अहवाल दिला. त्या देशाने आपल्या दोन्ही दुःखांकडे एका नजरेने पाहण्याचा प्रयत्न केला. आमच्या भाषणांत मात्र एकच दुःख असते, आणि तेही पराक्रमाच्या वेषात.

मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्या आमच्या वाचकांस हे सारे का सांगावयाचे? कारण आपणही मोजले जाणारे लोक आहोत. कोणत्याही प्रांतात काम भरपूर असते तेव्हा बाहेरून आलेला मनुष्य कष्टाळू म्हणविला जातो. काम आटले की तोच गर्दी ठरतो. आमच्यातल्या पुष्कळांच्या आजोबांनी ही दोन्ही विशेषणे ऐकलेली आहेत, आणि खुद्द महाराष्ट्रात आलेल्या परप्रांतीय मजुरांविषयी आमचेच भाऊबंद आज तीच विशेषणे त्याच क्रमाने वापरताना आम्ही ऐकतो. ज्यांना एक भाषा दोन ठिकाणी दोन अर्थांनी सोयीची वाटते, त्यांनी मॉरिशसच्या मजुराबद्दल गळा काढू नये.

आमची मागणी साधी आहे. पुढच्या वेळी मॉरिशसवर व्याख्यान ठेवताना वक्त्याला गणपतीची छायाचित्रे जरूर दाखवू द्यावी. त्यांत वाईट काही नाही. परंतु महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या आप्रवासी नोंदवह्यांत मुंबईहून गेलेल्या माणसांची नावे, गावे, वये आणि क्रमांक आहेत, त्यांचा अभ्यास करावयास एखादा तरुण पाठवावा. त्या नोंदी मराठीत छापाव्यात. कोणत्या गावचा मनुष्य कोणत्या वर्षी गेला, त्या वर्षी त्या गावात धान्याचा भाव काय होता आणि पोर्ट लुईला साखरेचा काय होता, ही तीन माहितीची कलमे शेजारी शेजारी मांडावीत. मग लोकसंख्या वाढली की घटली, माणसे कमी होती की फाजील, याचा निर्णय वाचक स्वतःच करतील; त्यासाठी त्यांना आमच्या किंवा कोणाच्याही भाषणाची गरज उरणार नाही.